कोळेरोगाचे बारा महिने

पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे गाव. शहादा तालुक्यातल्या या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई, कापूस पिकतो. पोफळीचे झाड मात्र औषधालाही सापडायचे नाही. तरी गळीत हंगामाच्या आधी बॉयलर पेटतो तेव्हा पूजेत सुपारी लागतेच, आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर गणपती म्हणून बसते तीही सुपारीच. सून म्हणून या गावी येऊन मला चाळीसहून अधिक वर्षे झाली. अजूनही पाटावर सुपारी ठेवण्याआधी मी ती तळहातावर तोलून बघते. हलकी लागली तर बाजूला ठेवते. माझे माहेर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडचे, पोफळीच्या आगरातले. हलकी सुपारी म्हणजे वेळेआधी गळलेली सुपारी, आणि वेळेआधी गळलेली म्हणजे बहुधा कोळेरोगाची, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असते.

या रोगाविषयी लिहायचे बरीच वर्षे मनात होते. त्याला एक कारण शास्त्राचे आहे आणि दुसरे खासगी. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, आणि माझ्या त्या शिकवण्यातल्याच एका चुकीने भावाच्या बागेचे एक वर्ष बुडाले. ती हकिगत पुढे येईल. आधी रोगाची ओळख.

नावाचा घोळ

कोळेरोग हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. श्रावणात आगरात पडलेल्या हिरव्या सुपाऱ्या वेचून टोपलीत भरणे हे आम्हा मुलांचे काम. दोन दिवस ओलीत पडून राहिलेल्या सुपारीवर पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी जाळी धरलेली असे. कोळेरोग म्हणजे कोळ्याचा रोग, ही जाळी कोळीच विणत असणार, असा माझा पक्का समज होता. तो कोळी शोधायला मी पुष्कळ सुपाऱ्या फोडल्या.

पुढे कळले की शब्द कानडी आहे. ‘कोळे’ म्हणजे कूज. दक्षिण कन्नड जिल्ह्यात याच रोगाला ‘महाळी’ म्हणतात. मलनाडापासून गोव्यापर्यंत आणि आमच्या सिंधुदुर्गापर्यंत, सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात जिथे जिथे पोफळ आहे तिथे तिथे हा रोग आहे. मात्र या नावाने लक्षण तेवढे कळते, कारण कळत नाही. कर्नाटकात कॉफीच्या पानांना काळी कूज लागते, तिलाही कोळेरोगच म्हणतात. तिचे कारण अगदी वेगळे, एक खरी बुरशी आहे. पोफळीच्या कोळेरोगाचे कारण असलेल्या जीवाला शास्त्रज्ञांनीही शंभराहून अधिक वर्षे बुरशीच म्हटले. ते बरोबर नव्हते, आणि या चुकीची किंमत पुस्तकाबाहेरही मोजावी लागते.

पावसाळ्यातला फेरा

पोफळीच्या घडावर पावसाळ्यात हिरव्या, अर्ध्या भरलेल्या सुपाऱ्या असतात. त्या पिकू लागतात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे. म्हणजे फळ कोवळे असते नेमके तेव्हाच कोकणात पाऊस सर्वांत जास्त असतो.

मृग लागून पंधरा-वीस दिवस झाले की पहिली खूण दिसते. सुपारीच्या देठाकडे जी टोपी असते तिच्याजवळ पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग पडतो. तो पसरत जातो, सालीची चकाकी जाते, आणि सुपारी टोपीपासून सुटून खाली पडते. दोन-चार दिवसांत शेजारची, मग तिच्या शेजारची. रोग जोरात असला की सकाळी झाडाखाली हिरवा सडाच पडलेला असतो.

त्या डागावर धरणारी पांढरी जाळी म्हणजे रोगजीवाचे तंतू. ते सालीत आणि गरात शिरून अन्न शोषतात. तंतूंच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या पिशव्या धरतात. त्यांना बीजाणुधानी म्हणतात. त्या इतक्या लहान की एका मिलिमीटरच्या रेघेवर पंचवीसएक सहज मावतील. पावसाच्या थेंबाने त्या उडतात, वाऱ्याबरोबरच्या तुषारांतून पलीकडच्या घडावर किंवा पलीकडच्या झाडावर जाऊन पडतात.

यापुढचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ज्याने पाहिला तो सहसा विसरत नाही. फळावर पाण्याचा पातळ थर असेल आणि हवा गार, साधारण २० ते २३ अंशांच्या आसपास असेल, तर त्या पिशवीच्या टोकाशी एक तोंड उघडते आणि आतून अनेक चिमुकले जीव बाहेर पडून पोहू लागतात. हे चलबीजाणू. प्रत्येकाला दोन कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे दोरे असतात. पुढचा केसाळ दोरा ओढणारा, मागचा गुळगुळीत. भोवती भित्तिका नाही. नुसत्या नाजूक पटलातला उघडा जीव. वनस्पतीच्या अंगातून जे द्रव्य पाण्यात झिरपते त्याचा वास घेतल्यासारखे ते फळाकडे सरकतात. जागा सापडली की शेपट्या टाकून देतात, अंगाभोवती कवच करतात, आणि त्यातून निघालेली कोंबासारखी नळी सालीत शिरते. त्यानंतर काही दिवसांतच नवा डाग, त्यावर नवी जाळी, नव्या पिशव्या. संततधार पाऊस आणि मधूनच ऊन अशा हवेत हे फेरे एकामागून एक होत राहतात.

पाऊस लांबला तर रोग घडापुरता राहत नाही. दांड्यातून तो शेंड्याकडे सरकतो. पोफळीला वाढीचा कोंब एकच. तो कुजला की झाड गेले. फळगळीने एका वर्षाचे पीक जाते. शेंडा कुजला तर नवे रोप लावून पहिली सुपारी दिसेपर्यंत पाच-सात वर्षे थांबावे लागते.

माझी चूक

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैच्या सुरुवातीला दादाचा फोन आला. मे अखेरची फवारणी राहून गेली होती. झाडावर चढणारा पाडेली आजारी होता, दुसरा मिळाला नाही, आणि पाऊस लागला. आता गळ सुरू झाली होती. ‘तू शिकवतंस मां ह्या सगळा, सांग काय मारू?’ दादाने विचारले.

मी शिकवत होते खरेच. पाठ्यपुस्तकात कोळेरोगाचा जीव बुरशीच्या प्रकरणात होता. आमच्याकडे उसाचे बेणे लावण्याआधी कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवतात. काणी आणि बेणे कुजणे यांवर तो चांगला उपाय आहे, हे मी घरच्या शेतात पाहिले होते. बुरशीचा रोग, बुरशीचे औषध. मी आत्मविश्वासाने तेच सांगितले. मोरचुदाचा जुना निळा खटाटोप आता कशाला, असेही म्हणाले. दादाने पावसाच्या दोन उघडिपी साधून दोनदा फवारले.

गळ थांबली नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत निम्म्याहून अधिक पीक जमिनीवर होते, आणि दिवाळीपर्यंत सात झाडांचे शेंडे पिवळे पडून वाकले. सोसायटीचे कर्ज पुढच्या वर्षावर गेले. दादा मला टोचून कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला, ‘गो बाय, तुझ्या औषधान गळ थांबूक नाय.’

कारण शोधायला मला बरेच वाचावे लागले. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतल्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि तिचे पेशीविभाजन अडवते. कोळेरोगाच्या जीवातले हेच प्रथिन इतके वेगळे आहे की औषध तिथे पकड घेत नाही. बुरशीनाशकांचा दुसरा मोठा गट बुरशीला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. हा जीव ते बनवतच नाही, तेव्हा त्याला त्याचीही फिकीर नाही. खऱ्या बुरशीची भित्तिका मुख्यतः कायटिनवर उभी असते, याची सेल्युलोज आणि तशाच शर्करांची आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जनुकांची तुलना होऊ लागली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. याचे जवळचे नातलग म्हणजे समुद्रातली तपकिरी शैवाले आणि डायटम. बुरशी त्या मानाने फार दूरची. उसावर काणी आणणारी बुरशी नात्याने या जीवापेक्षा माणसाला अधिक जवळची आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात हशा व्हायचा.

गंमत अशी की आमच्या जुन्या पुस्तकांत या गटाचे नाव ‘शैवाल-कवक’ असेच होते. अर्धे उत्तर त्या नावातच होते. मी ते कित्येक वर्षे फळ्यावर लिहिले आणि त्यातल्या ‘शैवाल’कडे कधी लक्ष दिले नाही.

आयर्लंड, बोर्डो, म्हैसूर

या जीवाच्या कुळाचे नाव फायटोफ्थोरा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा नाश करणारा. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी याने ते १८७६ मध्ये दिले, ते बटाट्याच्या करप्यावरून. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच करप्याने बटाटा कुजला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. युरोपातल्या चेस्टनट या कवचफळाच्या झाडांना काळा स्राव आणून मारणारा शाई रोगही याच कुळाचा. अमेरिकेतल्या चेस्टनटची अब्जावधी झाडे मात्र विसाव्या शतकात एका खऱ्या बुरशीने मारली. रोगी झाड दोन्हीकडे एकाच जातकुळीचे, मारेकरी मात्र वेगळे.

औषध सापडले ते चुलत घराण्यावर. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात द्राक्षवेलींवर डाऊनी पडू लागला होता. रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून बागाईतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की त्याच वेलींची पाने शाबूत आहेत. प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. नाशिकच्या द्राक्षबागांना छळणारा डाऊनी हाच, आणि तो जीवही बुरशी नसून याच पाण्यातल्या घराण्यातला.

पोफळीपर्यंत हे मिश्रण आणण्याचे मोठे श्रेय लेस्ली कोलमन या कॅनडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाला जाते. १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आला आणि १९१० मध्ये त्याने कोळेरोगावर पुस्तिका प्रसिद्ध केली. रोगाचा जीव फायटोफ्थोरा आहे हे त्याने दाखवले, आणि मलनाडच्या पावसात टिकेल असे बोर्डो मिश्रण बागांवर वापरून पाहिले. आज बहुतेक बागांत फायटोफ्थोरा मीडिआय ही जाती सापडते. रबराची पाने अवेळी गाळते ती हीच. कोलमन पुढे म्हैसूरच्या शेतीखात्याचा संचालक झाला. मंड्याचा साखर कारखाना १९३३ मध्ये उभा राहिला, त्यामागेही त्याचा मोठा हात होता. साखर कारखान्याच्या वसाहतीत बसून माहेरच्या सुपारीचा इतिहास वाचताना हा तपशील समोर आला, तेव्हा मला उगीचच ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

तांब्याचा उपाय का चालतो, हे जीवनचक्रातूनच कळते. सालीत शिरलेल्या तंतूंपर्यंत तांबे पोहोचत नाही. ते मारते बाहेर, पाण्याच्या थरात पोहणाऱ्या त्या उघड्या चलबीजाणूला. म्हणून सुपारीवर निळसर थर पाऊस येण्याआधी हवा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे, आणि कोयतीचे लोखंडी पाते बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पहिली फवारणी मे अखेर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पाऊस लांबला तर तिसरी. दादाच्या आगरात ज्या वर्षी पहिली चुकली, त्या वर्षी नंतर काहीही मारले असते तरी नुकसान पूर्ण टळले नसते. पण माझ्या सल्ल्याने जे वाचण्यासारखे होते तेही गेले.

मोरचुदाच्या आधीही लोक हातावर हात धरून बसले नव्हते. मलनाडात पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या तळाशी असणाऱ्या रुंद चिवट भागाच्या, किंवा गवताच्या टोप्या करून पावसाआधी घडांवर बांधत. तिथे त्याला ‘कोट्टे’ म्हणतात. चलबीजाणू त्यांनी पाहिला नव्हता. फळ भिजले नाही तर कुजत नाही एवढे पाहिले होते, आणि चक्राचा नेमका तोच दुवा त्यांनी तोडला. लहान बागांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायची आजची शिफारस म्हणजे तेच कोट्टे.

घरापाशीही हेच कूळ

ही सगळी गोष्ट कोकणची म्हणून मी शहाद्यात निश्चिंत होते. मग एका पावसाळ्यात आमच्या बांधाशेजारची पपई बसली. दोन दिवस पाणी तुंबले, बुंधा जमिनीलगत मऊ पडला, झाडे फळांसकट आडवी झाली. पपईच्या बुंधा कुजण्यामागे पिथियम आणि फायटोफ्थोरा असतात. दोन्ही पोहणाऱ्या बीजाणूंचे. कोकणात त्यांना आभाळातले पाणी मिळते, इथे काळ्या जमिनीत तुंबलेले. शेजारी दुकानातून आणलेली बाटली घेऊन विचारायला आले, तेव्हा मी आधी त्यावरचे औषधाचे नाव वाचले. ते चालणारे नव्हते. मग आम्ही चर खणून पाणी काढले. पुढच्या वर्षी त्यांनी लागवड गादीवाफ्यावर केली. दादाच्या बागेने शिकवलेले एवढे तरी कामी आले.

कोरडे महिने

आता राहिला तो भाग, ज्याचा विचार आम्ही सर्वांत कमी करतो. पाऊस गेल्यावर हा जीव कुठे असतो?

काही अंशी मातीत आणि पालापाचोळ्यात, जाड भिंतीचे बीजाणू होऊन. आणि काही अंशी डोक्यावरच. रोगाने मेलेला घड सगळाच गळून पडत नाही. काळा पडून, वाळून तो शेंड्याशी लटकत राहतो. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत त्याच्याकडे कोणी बघत नाही. काढण्यासारखे त्यात काही नसते आणि चढणीची मजुरी मात्र पडते. पहिल्या पावसात तो भिजतो, आणि चाळीस फूट उंचीवरून थेंबाबरोबर पिशव्या खालच्या कोवळ्या घडांवर उतरतात. पाऊस रोग आणतो असे आम्ही म्हणत आलो. पाऊस वाहून नेतो. वाहण्याजोगा माल आगरातच ठेवलेला असतो. वाळके घड आणि मेलेले शेंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवून जाळले तर जूनच्या फेऱ्याला सुरुवातच अडखळत होते, आणि मग मोरचुदावरचा भारही हलका होतो.

दादाने त्या वर्षानंतर हा नेम कधी चुकवला नाही. तरी आगराच्या पश्चिमेच्या दोन ओळींत दर वर्षी गळ व्हायचीच. कारण कुंपणापलीकडे होते. शेजारचे घर बंद. सातबाऱ्यावर नावे नऊ, त्यांतली बहुतेक मुंबईला, एक गुजरातेत. गणपतीला कोणी आले तर दार उघडायचे. त्या आगरातल्या पोफळींवर तीन-तीन वर्षांचे काळे घड लटकलेले. तुषारांना कुंपण दिसत नाही. दादा आपल्या बाजूने कितीही झाडे राखो, पलीकडचे वर्षभराचे राहते घर त्या जीवाला आयतेच मिळाले होते.

कोकणातल्या बंद घरांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; ओस अंगण, पडक्या भिंती, तुळशीविना वृंदावन. त्या घरामागच्या आगरात काय वाढते, याविषयी कमी. रोगाचे चक्र पूर्ण व्हायला ओल लागते, गारवा लागतो, कोवळे फळ लागते, आणि कोरड्या महिन्यांत तिथे कोणी माणूस नसणेही लागते.

चार वर्षांपूर्वी गणपतीत दादाने त्या नऊ नावांपैकी जे पाच आले होते त्यांना आरतीनंतर थांबवून घेतले. पीक नको, भाडे नको, फक्त शिमग्याआधी चढायची परवानगी द्या, पाडेल्याचे पैसे मी देतो. परवानगी मिळाली, उरलेल्या चौघांना फोन झाले. त्या मार्चमध्ये मी माहेरी होते. पाडेली एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जात होता आणि वरून काळे घड धपाधप पडत होते. दादा आणि मी ते ओढून ढीग लावत होतो. त्याच्या गुडघ्यांना आता वाकवत नाही, माझी पाठ धरते. ढीग संध्याकाळपर्यंत जळत होता.

पश्चिमेच्या दोन ओळींत गळ अजून होते, पण पूर्वीपेक्षा कमी. दर दिवाळीआधी दादाकडून पुरुषोत्तमनगरला एक पुडके येते, त्यात पूजेपुरत्या सुपाऱ्या असतात. गेल्या वर्षी पुडक्यावर त्याने पेन्सिलीने लिहिले होते : ‘पश्चिमेकडची.’ मी एकेक तळहातावर तोलली. एकही बाजूला ठेवावी लागली नाही.